पाठ केलेली भाषणे पुरेत, मुलांना लिहू द्या!

१४ एप्रिल जवळ आला की आमच्याकडे आईबाप येतात. "वकीलसाहेब, पोरीसाठी दोन पानांचे भाषण लिहून द्या." आम्ही लिहून देतो. पोर ते पाठ करते, विहारात घडाघडा म्हणते, टाळ्या आणि वही-पेनाचे बक्षीस घेऊन घरी जाते. वर्षानुवर्षे आम्ही हेच करीत आलो. यंदा भाषण संपल्यावर सातवीतल्या एका मुलीला आम्ही सहज विचारले, "चवदार तळ्याच्या दाव्याचा शेवटी निकाल काय लागला?" ती गप्प. आम्ही लिहून दिलेल्या दोन पानांत ते नव्हतेच! चूक तिची नाही, आमची आहे.

हक्कांचा इतिहास मुलांना कसा शिकवावा, याचा एक धडा अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात १९६४ च्या उन्हाळ्यात घातला गेला. तेथील कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळांत त्यांच्या पूर्वजांचा लढा शिकवला जात नव्हता. म्हणून चळवळीच्या कार्यकर्त्यांनी चर्चमध्ये, घरांच्या ओसरीवर, झाडाखाली 'स्वातंत्र्य शाळा' भरवल्या. ४० हून अधिक शाळा, २ हजारांहून अधिक विद्यार्थी. मुलांनी आपला इतिहास वाचला, त्यावर प्रश्न विचारले आणि स्वतःची वर्तमानपत्रे लिहून सायक्लोस्टाइलवर काढली.

२ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायद्यावर सही झाली आणि ८ जुलैला मॅककोम्ब गावात कार्यकर्त्यांच्या घरावर बॉम्ब पडला. कायदा झाला म्हणून हक्क मिळत नाही, हे आम्हा वकिलांना कुणी सांगायला नको. त्याच घराच्या अंगणात वर्ग भरू लागले. मोठी माणसे भीतीने जागा देईनात. तेव्हा एका विद्यार्थिनीने या भीतीवर कविता लिहिली. ती ऐकून मोठ्यांना लाज वाटली आणि चर्चचे दार उघडले. ऑगस्टमध्ये मेरिडियन येथे विद्यार्थ्यांनी परिषद घेऊन शाळा, घरे, आरोग्य आणि मताधिकार यांवर स्वतः ठराव लिहिले.

हा लढा आम्हाला परका नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी डॉ. ड्युबॉईस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून आले. परंतु मुलांच्या हाती लेखणी देण्याचा धडा तर आमच्याच घरचा आहे. जोतिबा-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिने धर्माला जाब विचारला. तिला तो निबंध कुणी वकिलाने लिहून दिला नव्हता!

मग आपण काय करावे? रविवारच्या धम्मवर्गात मुलांसमोर मूळ कागद ठेवावेत. १९२७ च्या महाड सत्याग्रहाची हकीगत वाचून घ्यावी. त्याच वर्षी स्पृश्यांनी दावा लावला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला, हे सांगावे. मग संविधानाचे कलम १५ वाचावे आणि विचारावे, त्यात विहिरी, तळी, स्नानाचे घाट कशासाठी आले? उत्तर मुलांनीच लिहावे. आजीला विचारावे, तुमच्या गावात पाणी कोठून भरत होता, कोण अडवत होते? तेही लिहून आणावे. शुद्धलेखन चुकेल, वाक्य मोडेल, काही बिघडत नाही. आज आमच्या आज्या एकेक करून जात आहेत. त्यांचे अनुभव मुलांनी लिहून घेतले नाहीत तर ते त्यांच्याबरोबरच जातील, आणि उद्या कुणी "असे काही घडलेच नव्हते" म्हणाले तर आमची मुले कोणता पुरावा दाखवणार?

पुढच्या जयंतीला आम्ही कुणालाही भाषण लिहून देणार नाही. आमच्याकडे येणाऱ्या मुलाला कोरी वही मिळेल. शिक्षित बांधवांनीही हेच करावे. पोर व्यासपीठावर अडखळले तरी चालेल, पण जे बोलेल ते त्याचे स्वतःचे असेल. जय भीम!