एम.एस.च्या रुग्णाचे ताट

हातपाय बधिर होणे, चालताना तोल जाणे, एका डोळ्याने अंधुक दिसणे, थोड्याशा कामाने गळून जाणे, ही लक्षणे मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एम.एस. या आजाराची असू शकतात. यात शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणावर उलटते. आवरण झिजले की मेंदूचे निरोप हातापायांपर्यंत नीट पोहोचत नाहीत. आजार बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो. म्हणजे घर चालवणारी बाईच त्यात सापडते. हा आजार संसर्गाचा नाही आणि करणी-बाधेचा तर मुळीच नाही.

‘याला पथ्य काय?’ हा घरच्यांचा पहिला प्रश्न असतो. एम.एस. बरा करणारा आहार अजून सापडलेला नाही. काढा घ्या आणि गोळ्या बंद करा, असे सांगणाऱ्याच्या नादी लागू नका. औषध तोडल्यास आजार पुन्हा उसळू शकतो. मात्र चांगल्या जेवणाने ताकद टिकते, बद्धकोष्ठ कमी होते, वजन आटोक्यात राहते.

डॉ. रॉय स्वँक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली नॉर्वेतील एक पाहणी प्रसिद्ध केली. समुद्रकाठच्या मच्छीमार गावांपेक्षा आतल्या शेतकरी भागात, जिथे लोणी-दुधाचा वापर जास्त, तिथे हा आजार अधिक आढळला होता. मासळीने आजार टळतो असे त्यावरून सिद्ध होत नाही. तरीही मासळी चांगले अन्न आहे आणि वसईच्या पाचूबंदरसारख्या कोळीवाड्यात ती दाराशी मिळते. महागड्या पापलेटची गरज नाही. बांगडा, तारली यांत चांगली चरबी आणि ‘ड’ जीवनसत्त्व असते. तेलात तळण्याऐवजी कालवण करा किंवा तव्यावर भाजा. १ जून ते ३१ जुलै होड्या बंद असतात, तेव्हा सुके बोंबील, अंडी, डाळी, मटकी आहेतच. खारवलेला मासा मात्र आधी भिजवून, पाणी फेकून मग शिजवा आणि क्वचितच खा. स्टिरॉईडचे औषध चालू असताना मीठ व साखर कमीच ठेवा.

रोज ज्वारी किंवा नाचणीची भाकरी, पालेभाजी आणि एखादे फळ असावे. वसईच्या केळ्यांना कोण नावे ठेवील? लघवीला वारंवार जावे लागते म्हणून पुष्कळ भगिनी पाणीच तोडतात. त्याने बद्धकोष्ठ व लघवीचा संसर्ग वाढतो. दिवसा भरपूर पाणी प्या, रात्री झोपण्यापूर्वी कमी करा.

गिळताना ठसका लागत असेल तर बसून, मान किंचित खाली ठेवून, लहान घास घ्या. माशाचे काटे आधी काढा. पाण्यासारख्या पातळ पदार्थाने उलट जास्त ठसका लागतो. मऊ भात, घट्ट वरण, दाट पेज बरी. हे डॉक्टरांना जरूर सांगा. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या रक्त तपासून, डॉक्टर सांगतील तेवढ्याच घ्या. विडी-सिगारेटने आजार बळावतो, ती सोडा.

उकाड्याने लक्षणे तात्पुरती वाढतात. म्हणून स्वयंपाक सकाळी गार वेळेत उरकावा, भाजी बसून चिरावी. पीठ मळणे, पाणी भरणे, मासे साफ करणे ही कामे नवऱ्याने व मुलांनी वाटून घ्यावीत.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एम.एस.चे नाव आहे. तपासणीनंतर पात्र ठरल्यास दाखला मिळतो, त्यासाठी सरकारी रुग्णालयात चौकशी करा. १९८५ साली स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्थाही रुग्णांसाठी काम करते.

शेवटी एकच सांगणे. आपल्या घरांत बाई सर्वांना वाढून उरलेसुरले खाते. माशाचा तुकडा धन्याच्या ताटात, रस्सा तिच्या ताटात. ज्या घरात ती आजारी आहे, तिथे ही रीत आजच मोडा. पहिले ताट तिचे वाढा, आणि तुकडाही त्यातच वाढा.