ओ-यू-जी-एच

इंग्रजीत चार अक्षरांचा एक जुडगा आहे. ओ, यू, जी, एच. टफ आणि रफमध्ये त्याचा उच्चार 'अफ', कॉफमध्ये (खोकलावाला) 'ऑफ', दोमध्ये ('तरीही' वाला) 'ओ', थ्रूमध्ये 'ऊ', नांगराच्या प्लाउमध्ये 'आउ', थॉटमध्ये 'ऑ', थरोमध्ये ब्रिटिश माणसाच्या तोंडी नुसता 'अ', आणि उचकीच्या एका स्पेलिंगमध्ये चक्क 'अप'. झाले आठ. आयर्लंडमधली तळी धरली तर नववा 'ऑख'. एखाद्या फंक्शनला एकच इनपुट देऊन नऊ वेगवेगळी उत्तरं आली तर आपण आधी बग टाकतो. इंग्रजीत मात्र बग लागतो तो बोलणाऱ्याच्या नावावर. माझी तक्रार आहे ती ह्याबद्दल.

आपल्या धंद्यात ह्या जुडग्यापासून सुटका नाही. थ्रूपुट आहे, डिझाइनचा वॉकथ्रू आहे, थरो टेस्टिंग आहे. माझ्याबरोबर एक मुलगा जॉइन झाला होता. तालुक्याचं गाव, दहावीपर्यंत मराठी माध्यम, डेटाबेस मात्र असा पक्का की सीनियर मंडळी त्याच्या डेस्कपाशी येऊन विचारायची. पहिल्याच मोठ्या रिव्ह्यूमध्ये तो म्हणाला, कनेक्शन पूल लहान पडतोय म्हणून 'थ्रोपुट' खाली येतंय. खोलीत खसखस पिकली. पुढचे दोन महिने त्याचं नावच थ्रोपुट. मुद्दा बरोबर होता बरं का, पूल वाढवल्यावर आकडा सुधारलाच. पण त्यानंतर पठ्ठ्या कॉलवर कायम म्यूट. जे सांगायचं ते चॅटवर लिहायचा, दुसरा कुणीतरी ते वाचून दाखवायचा, आणि क्लायंटच्या लक्षात नाव राहायचं त्या दुसऱ्याचं. अप्रेझलमध्ये शेरा काय? 'कम्युनिकेशन सुधारायला हवं.' धन्य!

आता हे 'थ्रोपुट' आलं कुठून ते बघा. त्याला 'दो' माहीत होतं. कणकेच्या गोळ्याचा 'डो' माहीत होता. त्याच अक्षरांच्या आधी टी-एच-आर आलं की काय होणार? थ्रो! दोन उदाहरणं बघून त्यानं नियम काढला. हेच तो कोडमध्ये करतो तेव्हा आपण त्याला हुशार म्हणतो. हसणाऱ्यांपैकी कुणी दुसरा, जास्त बरोबर नियम काढला होता असंही नाही, कारण नियम नाहीच आहे. त्यांनी तो शब्द लहानपणी ऐकला होता, ह्यानं छापलेला वाचला. फरक अकलेचा नाही, घरात आणि शाळेत कानावर काय पडलं त्याचा आहे.

ह्या गोंधळामागे इतिहास आहे, आणि तो मजेदार आहे. जुन्या इंग्रजीत ह्यातल्या बहुतेक शब्दांमध्ये घशातून काढायचा 'ख' होता. आपला 'ख' नव्हे, उर्दूतला नुक्तेवाला. पूर्वी तो नुसत्या 'एच'ने लिहायचे, पण १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतलं आणि त्यानंतरच्या शतकांत लेखनिकांच्या हातून तो 'जी-एच' झाला. विल्यम कॅक्स्टननं १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला आणि छापाबरोबर स्पेलिंगही हळूहळू घट्ट होत गेलं. जिभेनं मात्र छापखान्याची वाट पाहिली नाही. तो 'ख' कुठे गळाला, कुठे त्याचा 'फ' झाला, आणि अलीकडचे स्वरही ज्यानं त्यानं आपापल्या वाटेनं नेले. उरलेला जी-एच म्हणजे सरळ लेगसी कोड. कुणी कॉल करत नाही, पण काढायची कुणाची हिंमत नाही.

पुण्यात मॅक्समुल्लर भवनात ज्यांनी जर्मनची एखादी लेव्हल केली असेल त्यांना हे भूत आजही जिवंत भेटलं असेल. रात्र म्हणजे नाख्ट, आठ म्हणजे आख्ट, मुलगी म्हणजे टॉख्टर, हसणं म्हणजे लाखन. नाइट, एट, डॉटर, लाफ. इंग्रजी स्पेलिंगमध्ये चारही ठिकाणी जी-एच बसलाय आणि जर्मनमध्ये चारही ठिकाणी 'ख' ऐकू येतो. (डॉटरच्या आधीचा डी काढून एल ठेवला की लाफ्टर. एक अक्षर बदललं आणि मुलीचं हसू झालं. पाठ करण्यापलीकडे इलाज नाही.)

उचकीची गोष्ट तर आणखी भारी. तो शब्द मुळात हिकपच, आवाजावरून आलेला. मग सतराव्या शतकात कुणाला तरी वाटलं की ह्याचा खोकल्याशी संबंध असणार, म्हणून स्पेलिंगच्या शेवटी कॉफ चिकटवला. उच्चार राहिला हिकपच! आपण हसायला नको, कारण आपणही तेच केलंय. अर्धा महाराष्ट्र 'कफ सिरप' म्हणतो. कॉफ म्हणजे खोकला आणि कफ म्हणजे छातीतला कफ, दोघांचं काही नातं नाही. पण टफ-रफच्या चालीवर कफ बसतो आणि अर्थही जुळतो, मग कोण सोडतो?

आणि आपली देवनागरी जशी लिहिली तशी वाचली जाते, ह्या गमजाही जरा जपून. 'जग' लिहा. दुनियावालं जग आणि 'शंभर वर्षं जग' मधलं जग, दोन्हीत ज वेगळा. चहाचा च आणि चाकाचा च एक नाही. टीममधल्या एखाद्या तमिळ किंवा बंगाली मित्राला मराठी शिकवून बघा, कुठला च कुठे हे कोणत्या पुस्तकातून सांगणार? तो चुकला तर आपण किती कौतुकानं घेतो! 'अरे वा, मराठी बोलतोयस!' हीच मोकळीक सांगोल्याच्या पोराला इंग्रजीत का नाही?

मग स्पेलिंगच बदलायचं का? प्रयत्न झालेत. १९०६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी सरकारी छापखान्याला तीनशे शब्द सोप्या स्पेलिंगनं छापायचा हुकूम दिला. काँग्रेसनं असा काही हात धरला की त्याच वर्षी गुंडाळावं लागलं. शिकागो ट्रिब्यूननं १९३४ मध्ये स्वतःच सोपी स्पेलिंगं सुरू केली. शेवटी १९७५ मध्ये थ्रूचं आणि दोचं आखूड स्पेलिंगही सोडून दिलं. माझं मत विचाराल तर हा रिफॅक्टर होणे नाही. उच्चाराप्रमाणे लिहायचं ठरवलं तर कुणाच्या उच्चाराप्रमाणे? लंडन, टेक्सस की नागपूर?

स्पेलिंग राहू दे. हापिसात करता येण्यासारखं मात्र बरंच आहे. कुणी थ्रोपुट म्हणालं तर त्याचं वाक्य पूर्ण होऊ द्यायचं, आणि आपल्या पुढच्या वाक्यात 'थ्रूपुट' सहज म्हणायचं. हुशार माणूस दुसऱ्या मिनिटाला उचलतो. अप्रेझलमध्ये 'कम्युनिकेशन' लिहायच्या आधी मुद्दा समजला होता की नाही ते स्वतःला विचारायचं. समजला असेल तर कम्युनिकेशन झालं की. आणि इंडक्शनमध्ये आयकार्ड, कॅन्टीन आणि पार्किंगवर दोन तास जातात, त्यातली दहा मिनिटं मागून घ्या आणि नव्या मुलांना हे शब्द मोठ्यानं म्हणून दाखवा: थ्रूपुट, वॉकथ्रू, थरो, इनफ, दो, ऑल्दो. सहाच आहेत. जमलं तर सातवा क्यू, रांगवाला. त्यात शेवटची चार अक्षरं नुसतीच उभी असतात, पण तो वेगळाच जुडगा, पुढच्या वीकांताला.