शोधनिबंधांची यादी आणि सत्याची कसोटी

वैद्यकीय संशोधकाचे मोठेपण कशावरून ठरवावे? त्याच्या नावावर किती शोधनिबंध आहेत, यावरून ते ठरविण्याची रीत आज रूढ झाली आहे. अध्यापकाच्या बढतीलाही शोधनिबंधांची अट असते. सेवाग्राम आणि सावंगी येथे दोन वैद्यकीय महाविद्यालये असलेल्या वर्धा जिल्ह्याला हे चांगले ठाऊक आहे. परंतु छापून आलेला प्रत्येक निबंध सत्य असतोच असे नाही, आणि असत्य निबंधाची किंमत निष्पाप बालकांना मोजावी लागते.

फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित ब्रिटिश नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. अवघ्या १२ बालकांच्या नोंदींवरून गोवर, गालगुंड व रुबेला यांच्यावरील संयुक्त लस आणि स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, यांच्यात संबंध असावा, असे त्यातून सूचित करण्यात आले. लस उत्पादकांविरुद्ध दाव्याची तयारी करणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते, ही गोष्ट मात्र वाचकांपासून दडविण्यात आली. २००४ मध्ये १० सहलेखकांनी त्या अन्वयार्थापासून फारकत घेतली. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने निबंध रद्द केला आणि वेकफिल्ड यांचे नाव डॉक्टरांच्या नोंदणीतून वगळण्यात आले. डेन्मार्कमध्ये पाच लाखांहून अधिक बालकांचा अभ्यास २००२ मध्येच प्रसिद्ध झाला होता. त्यात असा संबंध आढळला नाही. पण निबंध रद्द होईपर्यंत १२ वर्षे उलटली होती, आणि दरम्यान इंग्लंडमधील लसीकरण सुमारे ८० टक्क्यांपर्यंत घसरले होते.

आता सेवाग्रामकडे पाहू. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. मधुकर पै, डॉ. राजनीश जोशी, डॉ. एस. पी. कलंत्री प्रभृतींनी क्षयाचा अभ्यास केला. तपासणी कोणाची? आपल्याच रुग्णालयातील ७२६ कर्मचाऱ्यांची! त्यांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये, दोनपैकी किमान एका चाचणीत, क्षयाच्या सुप्त संसर्गाची खूण आढळली. २००५ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात हा निष्कर्ष जगापुढे मांडला गेला. आपल्या घरातील उणीव स्वतःच उघड करण्यास धैर्य लागते. शिवाय त्वचेवरील जुनी, स्वस्त चाचणी रक्ताच्या नव्या, महागड्या चाचणीच्या तोडीची ठरते, हेही त्यातून दिसले. ग्रामीण रुग्णालयाला याहून उपयोगी उत्तर कोणते?

याच संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ यांनी हत्तीरोगावर दीर्घकाळ संशोधन केले. या रोगाचे सूक्ष्म कृमी बहुधा रात्रीच रक्तात उतरतात, म्हणून मध्यरात्री घरोघर जाऊन रक्त घ्यावे लागे. दिवसा घेतलेल्या थेंबभर रक्तावरून निदान व्हावे, यासाठी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे खपावे लागते. अशा संशोधनाचा उगम रुग्णाच्या अडचणीत असतो.

स्वमग्न बालकाच्या माता-पित्यांसाठी हा विषय तात्त्विक नाही. आपल्याकडे गोवर-रुबेलाची लस नवव्या ते बाराव्या महिन्यात आणि पुन्हा सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यात दिली जाते. मूल नजर देत नाही, हाकेला ओ देत नाही, बोलत नाही, हे लक्षात येते तेही बहुधा त्याच सुमारास. एकापाठोपाठ एक घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले, असे व्याकूळ मनाला वाटणे स्वाभाविक आहे. मग आई स्वतःला दोष देते, धाकट्याला लस देण्याचे टाळते आणि थोरल्याच्या वाचा-उपचाराचे मोलाचे महिने निघून जातात. २०२२ मध्ये मुंबईतील गोवंडी परिसरात गोवराने बालके दगावली. तो रोग आजही जीव घेतो.

म्हणून सेवावस्तीत जाणाऱ्या कार्यकर्त्याने आणि घरातील सुशिक्षितांनी ‘अमुक संशोधकाने सिद्ध केले आहे’ असे ऐकताच काही साधे प्रश्न विचारावेत. किती जणांचा अभ्यास झाला? पैसा कोणी पुरविला? इतरांनी पडताळून पाहता तेच आढळले का? संशोधकाच्या निबंधांच्या लांबलचक यादीपेक्षा या प्रश्नांची उत्तरे अधिक मोलाची आहेत. ती समाधानकारक नसतील, तर त्या वाक्याच्या भरवशावर कोणाच्याही बाळाची लस चुकू देऊ नये.