सोपें पुस्तक मागणें हा गुन्हा काय?

शेतकऱ्यांचीं व कारागिरांचीं मुलें आज इंग्रजी विषय घेऊन बी.ए., एम.ए. करूं लागलीं आहेत. पुष्कळांच्या घरांत त्यांच्याआधीं कोणी कॉलेजाची पायरी चढलेला नाहीं. अशा मुलाच्या हातीं पहिल्याच दिवशीं सातशेंहून अधिक पानांचा ग्रंथ ठेवावयाचा, आणि तो उमगला नाहीं म्हणजे 'तुझ्यांत ती बुद्धीच नाहीं' असें म्हणावयाचें, हा न्याय कोणता? फंक्शनल ग्रामर, म्हणजे कार्यात्मक व्याकरण, शिकविण्याच्या नांवाखालीं हें चालतें. म्हणून आम्ही आज स्पष्ट बोलणार आहों.

हें व्याकरण आहे तरी काय? शब्दाची जात विचारून तें थांबत नाहीं. शब्द वाक्यांत काम कोणतें करतो, हें तें विचारतें. कचेरींतून पत्र येतें, 'आपला अर्ज नामंजूर करण्यांत आला आहे.' शाळेंतलें व्याकरण प्रयोगाचें नांव सांगतें व मोकळें होतें. हें व्याकरण विचारतें, नामंजूर केला कोणी? करणारा वाक्यांतून गेला कोठें? त्याला झांकून सोय कोणाची झाली? घडलें काय, बोलणारा व ऐकणारा यांचें नातें काय, आणि सांगणें कोणत्या क्रमानें मांडलें, असे तीन धागे तें उलगडून दाखवितें. नोटिसा व करारनामे ज्यांच्या दारावर येतात, त्यांच्याच घरीं ही विद्या आधीं पोंचावयास नको काय?

या शास्त्राचे एक मोठे आचार्य मायकेल हॅलिडे १९२५ सालीं इंग्लंडांत लीड्स येथें जन्मले व २०१८ सालीं सिडनीस वारले. त्यांच्या विचारांच्या आधारें सिडनीकडील शिक्षकांनीं १९८० नंतर गरीब वस्त्यांतल्या शाळांत मुलांना लिहावयास शिकविलें. मग तीच विद्या आमच्या मुलांना घाबरविण्याच्या कामीं कां यावी?

हॅलिडे यांचा मूळ ग्रंथ १९८५ सालीं निघाला. मॅथिसेन यांच्या हातची चौथी आवृत्ति २०१४ ची. नांवांत 'परिचय' आहे, पण वजन जात्याच्या तळीचें आहे. ग्रंथ थोर आहे, यांत आम्हांस शंका नाहीं. पण कांहीं विद्वान म्हणतात, मूळ ग्रंथच वाचा, सोपीं पुस्तकें आळशांसाठीं. आम्ही विचारतों, सुतार आपल्या पोराला पहिल्याच दिवशीं देवळाच्या मंडपाचें काम सांगतो काय? आधीं खुंटी तासावयास देतो. त्या पोराला आळशी कोणी म्हटलें आहे?

तेव्हां आमची शिफारस ऐका. आरंभ जेफ थॉम्प्सन यांच्या 'इंट्रोड्यूसिंग फंक्शनल ग्रामर' या पुस्तकानें करावा. तें १९९६ सालीं निघालें, तिसरी आवृत्ति २०१४ ची. त्यांत अभ्यास आहेत व उत्तरेंही आहेत. घरीं विचारावयास कोणी नसलेल्या मुलाला हा मोठा आधार. शिक्षकांनीं ग्रॅहॅम लॉक यांचें १९९६ चें 'फंक्शनल इंग्लिश ग्रामर' घ्यावें. इंग्रजी ज्यांची मायबोली नाहीं त्यांना शिकविणारांसाठींच तें लिहिलेलें आहे. हॅलिडे त्यानंतर. आणखी एक सावधगिरी. ॲमस्टरडॅमच्या सायमन डिक यांचें १९७८ चें 'फंक्शनल ग्रामर' हा निराळाच पंथ आहे. नांव पाहून पैसे टाकूं नका.

बाजारांतल्या तयार उत्तरांच्या गाईडांना मात्र आम्ही सोपीं पुस्तकें म्हणत नाहीं. तीं परीक्षेची वेळ निभावतात, दृष्टि देत नाहींत. पारख करावयाची असेल तर पुस्तक मधोमध उघडा. नवा शब्द येतो तेथें उदाहरण लगेच आहे काय? उदाहरणें बातम्यांतलीं, पत्रांतलीं, बोलण्यांतलीं आहेत, कीं पोपटपंचीचीं? स्वतः करून पाहावयास अभ्यास आहेत काय? तिन्हींचें उत्तर होय आलें तरच तें घ्या.

आईबापहो, पोर म्हणालें कीं पुस्तक समजत नाहीं, तर त्याला शेतावर परत बोलावण्याआधीं पुस्तक बदलून पाहा. आणि विद्यार्थीहो, ग्रंथालयांत जाऊन सोपें पुस्तक ताठ मानेनें मागा. नसेल तर आणावयास लावा. न समजल्याची लाज तुम्हीं कां बाळगावी? ती समजावून न सांगणाराची आहे.