कणसाला पाणी कशाला?

वाघ्या घेवड्याचा अभिमान मिरवणाऱ्या कोरेगावातल्या समस्त काकू-आत्यांनो, रागावू नका. पण मायक्रोवेव्हला नावं ठेवत कणसं कुकरात पाण्यात बुडवून उकडायची, हे काही पटत नाही बुवा!

कोवळ्या दाण्यात मुळातच भरपूर पाणी असतं. मायक्रोवेव्ह तेच तापवतो, वाफ पानांच्या आतच कोंडते. पानांसकट एक कणीस, चार-पाच मिनिटं, बस्स. गोडी पाण्यात उतरत नाही.

निखाऱ्यावरचा खरपूसपणा त्याला जमणार नाही. तो मान शेगडीचाच. पण गोडीचा खरा वैरी म्हणजे उशीर. कणीस तोडलं की साखरेचं पिष्ट व्हायला लागतं. शेत घराला लागून असताना तीन दिवसांचं शिळं कणीस खायचं आणि दोष यंत्राला? वा रे न्याय!