मनोरुग्णाची परिचर्या म्हणजे राखण नव्हे



माणसं कमी असली की मनोरुग्णाला बांधून ठेवण्यावाचून परिचारिकेकडे उपाय नसतो, असं आपल्या वृत्तपत्राच्या एका वाचकाने लिहिलं. हे साफ चूक आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 97 नुसार केवळ मनुष्यबळ अपुरं म्हणून किंवा शिक्षा म्हणून कुणालाही बांधता येत नाही. तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच उरला नसेल, तरच मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, अगदी गरजेपुरता वेळ. आणि कारण व कालावधी यांची लेखी नोंद हवीच.

बांधण्याआधी करण्यासारखं पुष्कळ असतं. भोवतीची गर्दी हटवायची, आवाज खाली आणायचा, थोडं अंतर राखून बोलायचं. भास होत असलेल्या माणसाशी वाद घालू नये. त्याची भीती मात्र खरी मानावी.

पण गोव्यातल्या बांबोळीच्या मनोरुग्णालयातून रुग्ण पेडण्याला, डिचोलीला घरी परतला की खरी परिचर्या सुरू होते, असं मी मानते. लिथियम हे मनोविकारावरचं औषध घेणारा माणूस एप्रिलच्या उन्हात दिवसभर काजूच्या बागेत राबला आणि पाणी कमी प्यायला, तर रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. हात जास्त थरथरतात, जुलाब होतात, तोल जातो. घरच्यांना हे ‘पुन्हा वेड लागलं’ असं वाटतं! अशा वेळी ताबडतोब डॉक्टरकडे न्यायचं असतं, हे त्यांना आधीच सांगणार कोण?

म्हणून पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांत घरोघर जाणाऱ्या प्रशिक्षित मनोआरोग्य परिचारिका सरकारने नेमाव्यात. तोवर ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक प्रत्येक घरात लिहिलेला असावा.

— एक परिचारिका, डिचोली