गावाचे कार्ड हिरवे, मग वस्तीचे काय?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तेव्हा लढा पाण्यावरच्या हक्काचा होता. आज वस्तीत हापसा आला, कुठे नळही आला. पण त्यातून येणारे पाणी पिण्यालायक आहे काय, हे वस्तीला कोण सांगणार?

नांदेड-लातूरमध्ये तपासणाऱ्या यंत्रणा कमी नाहीत. नदी आणि हवा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, भूजल भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे, तर गावचे पिण्याचे पाणी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाणीस्रोतांची पाहणी होते. जोखीम बघून लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. मेख इथेच आहे. कार्ड मिळते ग्रामपंचायतीला, वस्तीला नाही! गावातल्या टाकीत ब्लिचिंग पावडर पडते, कार्ड हिरवे होते. गावकुसाबाहेरचा हापसा नालीला लागून असला, तरी त्या हिरव्या रंगात तो झाकला जातो.

नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराईड आहे. त्याला वास नाही, रंग नाही. पावडर टाकून ते जात नाही, उकळूनही जात नाही. लेकरांचे दात पिवळे-तपकिरी पडतात, पुढे हाडे आखडतात. तोपर्यंत तपासणीचा कागद कोणत्या फायलीत पडलेला असतो?

शहरांची गतही निराळी नाही. हवेचे प्रमाण न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत २०१९ साली केंद्राने लातूरचे नाव घातले. हाताने नमुने घेणाऱ्या हवा तपासणी केंद्रावर आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षातून १०४ दिवस मोजणी अपेक्षित असते. यंत्र ज्या चौकात, तिथलीच हवा कागदावर येते. कचऱ्याच्या धुरात राहणाऱ्या सफाई कामगारांची वस्ती त्या आकड्यात कुठे आहे? २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सोमेश्वर ते राहेर हा गोदावरीचा पट्टा सर्वाधिक प्रदूषितांच्या पहिल्या वर्गात टाकला. नांदेड शहर याच पट्ट्यात येते. शहराच्या पर्यावरणाचा अहवाल दरवर्षी ३१ जुलैपूर्वी आयुक्तांनी महापालिकेपुढे ठेवावा, असा कायदा आहे. समाजबांधवांनो, आपल्या प्रभागाबद्दल त्यात काय लिहिले आहे, हे आपण कधी विचारले?

ज्याची नोंद नाही, त्याच्यासाठी निधीही नाही. जातिव्यवस्थेने आम्हाला गावाबाहेर ठेवले. आता अहवालाबाहेरही राहायचे काय? म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक वस्तीच्या पाण्याचा नमुना वेगळा घ्या, निकाल ग्रामसभेत वाचून दाखवा, त्याची प्रत बुद्धविहाराच्या फळ्यावर लावा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने नोंदवही पाहण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी एक अर्ज लिहावा. महाडला जाण्यासाठी आपल्या माणसांनी मैलोगणिक पायपीट केली; आपल्याला तर फक्त तहसीलपर्यंत, पंचायत समितीपर्यंत जायचे आहे.